चेलो, ताण आणि बहार

रशियन संगीताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. एवढे सोसले, म्हणून एवढे मोठे संगीत झाले. स्टालिन नसता तर संगीतकार शोस्टाकोविचही नसता, इथपर्यंत बोलणारी माणसे आहेत. चेलोच्या बाबतीत हे म्हणणे अधिकच पटते, कारण त्या वाद्याचा आवाजच असा भरल्या गळ्याचा आहे की त्यामागे कोणाचे तरी मोठे दुःख असणार, असे मन आधीच धरून चालते.

मला हे म्हणणे साफ चुकीचे वाटते, आणि घातकही वाटते. रशियन चेलोसंगीत छळातून जन्मले नाही. छळाने त्यातले काही मारले, काही वर्षानुवर्षे कपाटात कोंडले. आणि जे उरले ते पिढ्यान्‌पिढ्या न तुटता चाललेल्या शिकवणीमुळे आणि काही जिवाभावाच्या मैत्रींमुळे उरले.

वरूड तालुक्यातल्या आमच्या शेंदूरजनाघाटाच्या बाजूने हा वाद घालायला कारण आहे. दुःखातून कला येते, हे वाक्य वऱ्हाडाला फार वेळा ऐकावे लागते. कापसाचा भाव पडला, विहीर आटली, घरचा कर्ता माणूस गेला, की बाहेरून कोणी तरी येतो आणि या मातीच्या वेदनेत केवढे काव्य आहे हे आपल्यालाच सांगून जातो. वेदनेतच काव्य असेल तर ती कमी करण्याची घाई कोणाला असणार? मग गावात गाण्याचा मास्तर नाही, वाद्य नाही, शिकायला जागा नाही, याची टोचणीही कोणाला लागत नाही. म्हणून हा प्रश्न मॉस्को-लेनिनग्राडचा दिसला तरी सातपुड्याच्या पायथ्याचाही आहे.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले थोरले वाद्य. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून, खालची अणकुचीदार दांडी जमिनीला टेकवून ते वाजवतात. चार तारा, एकीपासून दुसरी षड्ज-पंचमाच्या अंतराने लावलेली. घोड्याच्या केसांचा गज, त्याला राळ घासलेली. गळ्यावर पडदे नाहीत, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, म्हणजे मींड निघते. खर्जातल्या पुरुषी आवाजापासून बाईच्या उंच गळ्यापर्यंत सगळा पल्ला या एका वाद्यात सामावतो. नॅन्सी लेश या अमेरिकन वादिकेने उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे तालीम घेऊन याच चेलोवर ध्रुपदाची आलापी वाजवली, आणि मूळच्या हॉलंडच्या सास्किया राव-द हास यांनी त्याला तरफेच्या तारा जोडून आपल्या रागसंगीतासाठी नवा चेलो घडवला. तेव्हा हा आवाज आपल्या कानाला परका नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांमध्ये व्हायोलिनच्या ताफ्याखालून जो जाड, उबदार सूर वाहतो, तो बहुतेक वेळा चेलोचाच. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तो वाजवणाऱ्यांत गोव्याहून आलेली मंडळी होती, तसे पुढे राहुलदेव बर्मन यांचे सहायक म्हणून नावारूपाला आलेले बासू चक्रवर्तीही होते. नाव माहीत नसताना आपण चेलो ऐकत आलो आहोत.

आता रशियातली एकच रचना जवळून पाहू. दिमित्री शोस्टाकोविच यांचा पहिला चेलो कॉन्चेर्टो, १९५९ सालचा. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासमोर सगळा वाद्यवृंद. साधारणपणे वाद्यवृंद आधी वातावरण तयार करतो आणि मग मुख्य वादक येतो. इथे तसे होत नाही. चेलो पहिल्या क्षणीच चार सुरांचा एक तुटक, हट्टी तुकडा टाकतो, आणि तो तुकडा शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. पितळी वाद्यांपैकी फक्त एक हॉर्न ठेवला आहे. तो एकटा चेलोला अडवतो, त्याचेच वाक्य त्याच्यावर फेकतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी चेलोवादक बोट तारेवर दाबत नाही, नुसते टेकवतो. त्यामुळे शिट्टीसारखा पातळ, दुरून आल्यासारखा सूर उमटतो, आणि सेलेस्टा नावाचे घंटीच्या आवाजाचे वाद्य त्याला उत्तर देते. मग तिसरा सबंध भाग चेलो एकटा वाजवतो. वाद्यवृंदातली सगळी माणसे हात मांडीवर ठेवून बसलेली असतात. शेवटच्या भागात शोस्टाकोविच यांनी ‘सुलिको’ या जॉर्जियन गाण्याचा एक तुकडा मोडून-तोडून लपवला आहे. ते स्टालिनचे आवडते गाणे. तो इतका बेमालूम लपवला होता की खुद्द चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच यांनाही, ज्यांच्यासाठी हा कॉन्चेर्टो लिहिला त्यांना, तो दाखवून द्यावा लागला, अशी आठवण ते सांगत.

इथे छळातून कला येते म्हणणारी मंडळी म्हणतील, बघा, स्टालिन आलाच. आला खरा. पण कधी आला ते पाहा. स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी मेला. १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने शोस्टाकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, मियास्कोव्हस्की या संगीतकारांना जनताविरोधी ठरवणारा ठराव केला होता. त्यातल्या चुका मान्य करणारा नवा ठराव मे १९५८ मध्ये झाला. आणि कॉन्चेर्टो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लिहिला गेला. गळ्यावरचा हात सैल झाल्यावर हा सूर निघाला आहे. हात आवळलेला होता त्या काळात काय होत होते? शोस्टाकोविच यांचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो १९४८ मध्येच लिहून तयार होता. तो सात वर्षे कपाटात पडून राहिला आणि १९५५ मध्ये वाजला. त्याआधी १९३६ च्या जानेवारीत पक्षाच्या ‘प्रावदा’ या वर्तमानपत्राने त्यांच्या ऑपेराची लक्तरे काढली, तेव्हा ते अर्खांगेल्स्कला चेलोवादक व्हिक्टर कुबात्स्कींबरोबर कार्यक्रमासाठी गेले होते; वर्तमानपत्र त्यांनी तिथे वाचले. त्याच वर्षअखेरीस त्यांना आपली चौथी सिम्फनी मागे घ्यावी लागली. ती लोकांनी ऐकली १९६१ मध्ये, पंचवीस वर्षांनी. उलट त्याच कुबात्स्कींसाठी लिहिलेला त्यांचा चेलो सोनाटा (चेलो आणि पियानोची रचना) १९३४ चा, म्हणजे ‘प्रावदा’च्या घावाआधीचा. तो आजही जगभर वाजतो. भीतीने संगीत दिले असेल, तर ते आधी कपाटाला दिले, असेच ही सनावळ सांगते.

शेंदूरजन्याच्या संत्राबागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. आंबियाचा बहार धरायचा म्हणून तो हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. बाहेरच्या माणसाला वाटते, तहानेमुळे फूल आले. बागायतदाराला ठाऊक असते की फूल येते ते ताण तोडून पाणी दिल्यावर. आणि तेही त्याच झाडाला, ज्याच्या फांदीत आधीच्या महिन्यांचे अन्न साठलेले असते. हलक्या जमिनीत ताण थोडा, भारी जमिनीत जास्त, हा हिशेब चुकला तर पाने गळतात, सल म्हणजे वाळक्या फांद्या वाढतात, आणि पुढे झाडच जाते. ज्या वर्षी विहिरी तळाला जातात आणि ताण कोणी द्यायची गरजच उरत नाही, त्या वर्षी वरूड तालुक्यात बहाराची गोष्ट कोणी करत नाही, बागा वाचवण्याची करतात. ताण देणाऱ्याला झाड वाचवायचे असते. स्टालिनच्या माणसांना तसे काही नव्हते.

ज्या झाडांची सल झाली त्यांची नावे आपल्याला सहसा माहीत नसतात. अलेक्सांद्र मोसोलोव्ह यांचे घ्या. १९२० च्या दशकात यंत्रांचा खडखडाट वाद्यवृंदात आणणारी त्यांची ‘लोखंडाचा कारखाना’ ही रचना युरोपभर गाजली. १९३७ मध्ये त्यांना पकडून श्रमछावणीत टाकले. मियास्कोव्हस्की आणि ग्लिएर या त्यांच्या गुरूंनी सरकारकडे रदबदली केली म्हणून ते पुढच्या वर्षी सुटले. सुटलेला माणूस मात्र वेगळा होता. त्यानंतर ते लोकगीते गोळा करत राहिले, कोणाला बोचणार नाही असे संगीत लिहीत राहिले. छळातून कला येते असे म्हणणाऱ्याने मोसोलोव्ह यांचे छावणीपूर्वीचे आणि छावणीनंतरचे संगीत शेजारी ठेवून ऐकावे. पोलंडहून जीव वाचवून आलेल्या मिएचिस्लाव्ह वाइनबर्ग यांनी आपला चेलो कॉन्चेर्टो १९४८ मध्ये लिहिला. १९५३ मध्ये त्यांना अटक झाली, स्टालिन मेला म्हणून ते सुटले, आणि कॉन्चेर्टो १९५७ मध्ये रोस्त्रोपोविच यांनी वाजवला. स्टालिन आणखी दोन-चार वर्षे जगता तर? हा प्रश्न विचारला की दुःखाचे सगळे तत्त्वज्ञान गळून पडते.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा सेर्गेई प्रोकोफिएव्ह यांचा आहे आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. त्यांचा चेलो सोनाटा १९४९ चा. चेलो आणि वाद्यवृंदासाठीची त्यांची ‘सिम्फनी-कॉन्चेर्टो’ १९५२ ची. दोन्ही १९४८ च्या ठरावानंतरच्या, दोन्ही त्यांच्या आजारपणातल्या आणि पैशाच्या ओढगस्तीतल्या, आणि दोन्ही अव्वल दर्जाच्या. मग इथे तरी छळाने काम केले असे म्हणायचे का? बारकाईने पाहिले तर छळाचे काम वेगळेच दिसते. सोनाटा लोकांसमोर वाजवण्याआधी रोस्त्रोपोविच आणि पियानोवादक स्व्यातोस्लाव्ह रिख्टर यांना तो संगीतकार संघाच्या पदाधिकाऱ्यांपुढे वाजवून दाखवावा लागला. ही रचना लोकांनी ऐकावी की नाही ते त्यांनी ठरवायचे होते. छळाचा वाटा एवढाच, दारातला पहारा. आत काय चालले होते? प्रोकोफिएव्ह यांचा एक चेलो कॉन्चेर्टो १९३८ मध्ये साफ पडला होता. तो विसरला गेला होता. विशीतल्या रोस्त्रोपोविच यांनी तो उचलून वाजवला. म्हाताऱ्या संगीतकाराला तो ऐकून वाटले की याचे पुन्हा काही करता येईल. उन्हाळ्यात हा तरुण निकोलिना गोरा इथल्या त्यांच्या घरी जाऊन राहू लागला. चेलोवर बोट कुठे पडते, कुठली उडी शक्य आहे, कुठला सूर वाद्यवृंदात बुडतो, हे दोघे शेजारी बसून ठरवत. जुन्या पडलेल्या कॉन्चेर्टोतून ‘सिम्फनी-कॉन्चेर्टो’ उभी राहिली ती अशी. फेब्रुवारी १९५२ मध्ये तिच्या पहिल्या प्रयोगाला रिख्टर यांनी वाद्यवृंद चालवला. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव वेळ, आणि तीही बोट मोडले होते म्हणून. पुढच्या वर्षी प्रोकोफिएव्ह गेले, स्टालिन मेला त्याच दिवशी. या सगळ्यातून छळ वजा केला तर सोनाटाही उरतो आणि ‘सिम्फनी-कॉन्चेर्टो’ही उरते, विशीतला तो पोरगा वजा केला तर काहीच उरत नाही.

आणि तो पोरगा कुठून आला? इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

अंतोन रुबिनस्टाइन यांनी १८६२ मध्ये पीटर्सबर्गला (पुढचे लेनिनग्राड) संगीत महाविद्यालय काढले, त्यांचे भाऊ निकोलाय यांनी १८६६ मध्ये मॉस्कोला. पीटर्सबर्गला चेलो शिकवायला कार्ल दाविदोव्ह आले. गणित शिकलेला माणूस, चार चेलो कॉन्चेर्टो लिहिणारा, पुढे त्याच महाविद्यालयाचा संचालक. चायकोव्हस्की त्यांना चेलोवादकांचा सम्राट मानत. दाविदोव्ह यांचे शिष्य व्हेर्झबिलोविच, त्यांचे शिष्य सेम्यॉन कोझोलुपोव्ह, आणि कोझोलुपोव्ह यांचे शिष्य रोस्त्रोपोविच. रोस्त्रोपोविच यांचे वडील लिओपोल्ड हेही व्हेर्झबिलोविच यांच्याच हाताखालचे. मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण हे सरळसरळ घराणे आहे. फरक एवढाच की ते उस्तादाच्या ओसरीवर राहिले नाही, इमारतीत गेले. तिथे पगार होता, परीक्षा होती, ग्रंथालय होते, आणि कोणाचाही मुलगा दार ठोठावू शकत होता. क्रांतीनंतर ती पद्धत खाली उतरली. लहानसहान शहरांतही मुलांच्या संगीतशाळा निघाल्या. रोजची शाळा सुटली की मूल तिथे जाऊन व्हायोलिन, चेलो, पियानो आणि स्वरलेखन शिके. त्याच राजवटीने मोसोलोव्ह यांना छावणीत टाकले आणि त्याच राजवटीने या शाळा चालवल्या, ही गोष्ट गैरसोयीची असली तरी खरी आहे. श्रेय द्यायचे तर शाळांना द्यावे, छावणीला नाही.

या परंपरेतले संगीत आधीपासूनच केवढे होते पाहा. चायकोव्हस्की यांची ‘रोकोको’ शैलीतली चेलो-व्हेरिएशन्स १८७६-७७ ची; जर्मनीहून येऊन मॉस्कोला शिकवणाऱ्या फिट्झेनहागेन यांच्यासाठी लिहिलेली. त्या गृहस्थांनी रचनेतल्या तुकड्यांचा क्रम आपल्या मर्जीने बदलला, एक तुकडा काढूनच टाकला, आणि आजही बहुतेक ठिकाणी ती त्यांच्याच क्रमाने वाजते. बोरोदिन हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ, पण स्वतः चेलो वाजवत. तंतुवाद्यांच्या त्यांच्या दुसऱ्या चौकडीतल्या संथ भागाची धून म्हणूनच चेलोच्या वाट्याला आली असावी. दाविदोव्ह गेल्यावर अरेन्स्की यांनी त्यांच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये लिहिलेले पियानो त्रिकूट मला या सगळ्या परंपरेत विशेष प्रिय आहे, कारण एका शिक्षकाच्या जाण्याचे दुःख त्यात आहे आणि ते त्याच्याच वाद्यातून बोलते. रखमानिनोव्ह यांचा चेलो सोनाटा १९०१ चा. पहिली सिम्फनी पडल्यावर त्यांचे मन इतके खचले होते की लेखन थांबले; डॉक्टर दाल यांच्या उपचारांनी ते सावरले, आणि सावरल्यावर दुसरा पियानो कॉन्चेर्टो आणि हा सोनाटा आला. खचलेल्या काळातले मात्र जवळपास काहीच नाही. दुःख नव्हते असे मी म्हणत नाही. दुःख सगळ्यांनाच असते. ते सुरात मांडायचे कसब मात्र कोणी तरी शिकवावे लागते.

‘रशियन’ या शब्दात रक्तापेक्षा शाळा अधिक आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. दाविदोव्ह आजच्या लॅटव्हियातले. रोस्त्रोपोविच यांचा जन्म बाकूचा. खाचातुरियन आर्मेनियन, वाढले तिफ्लिसमध्ये. वाइनबर्ग वॉर्साचे. चेलो आणि बायान (रशियन अकॉर्डियन) या वाद्यांना क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या सात वचनांवर बोलते करणाऱ्या सोफिया गुबाइदुलिना तातार वंशाच्या. आणि हे संगीत सरकारचे तर कधीच नव्हते. २१ ऑगस्ट १९६८ रोजी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, त्याच संध्याकाळी लंडनला सोव्हिएत वाद्यवृंदाबरोबर रोस्त्रोपोविच यांना चेक संगीतकार द्वोरझाक यांचा चेलो कॉन्चेर्टो वाजवायचा होता. सभागृहात निषेधाच्या घोषणा झाल्या. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून तो वाजवला आणि शेवटी द्वोरझाक यांची संहिता हातात उंच धरली. पुढे लेखक सोल्झेनित्सिन यांना घरात आसरा दिला, त्यांची बाजू घेणारे जाहीर पत्र लिहिले, १९७४ मध्ये देश सोडावा लागला, १९७८ मध्ये नागरिकत्व गेले. आज रशियाच्या सरकारवरचा राग चायकोव्हस्कींवर काढणाऱ्यांनी हा माणूस आठवावा.

रोस्त्रोपोविच जन्मले मार्च १९२७ मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उदयपूरजवळ पंडित रामनारायण जन्मले. दोघेही गजाच्या वाद्याचे, दोघेही असामान्य. रामनारायण १९४९ मध्ये आकाशवाणीची नोकरी सोडून मुंबईत आले. सारंगी तोवर गायकाच्या मागे बसायची. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात त्यांनी एकट्याने वाजवायचा प्रयत्न केला, तर मोठ्या नावांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना पुरे वाजवूही दिले नाही. १९५६ मध्ये ते जमले, आणि पुढे जगभर त्यांनी सारंगीला मान मिळवून दिला. पण ते सगळे एकट्याच्या बळावर. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांवर घर चालवत. रोस्त्रोपोविच यांच्यासाठी शोस्टाकोविच, प्रोकोफिएव्ह, बेंजामिन ब्रिटन लिहीत होते, शंभराहून अधिक नव्या रचना त्यांनी पहिल्यांदा वाजवल्या, आणि त्यांच्या वर्गातून नतालिया गुटमन, डेव्हिड गेरिंगास, मिशा मायस्की असे वादक बाहेर पडले. रामनारायण यांना सोसावे लागले ते रोस्त्रोपोविच यांच्यापेक्षा कमी नव्हते. सोसण्यातून कला येत असती तर आज मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात सारंगीवादक असता.

वऱ्हाडातही गजाचे वाद्य होते. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या सरकारी यादीत ‘किंगरीवाले’ हे नाव आहे. एका वाद्यावरून एका समाजाची ओळख व्हावी, एवढी किंगरी इथे रुजलेली होती. नाथजोगी ती दारोदार वाजवत गोपीचंद-भर्तृहरीच्या कथा गात. त्या समाजाच्या वाट्याला दुःख, उपेक्षा आणि पायपीट भरपूर आली. शाळा आली नाही, आणि किंगरी ऐकू येईनाशी झाली.

याच मातीतली उलट गोष्टही सांगितली पाहिजे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी. एवढेसे वाद्य, पण अमरावती जिल्ह्यात आजही ते वाजते, तरुण पोरे स्पर्धेसाठी त्याचा सराव करतात. का? कारण १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभे राहिले आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, तिथे भजन, भजनाला खंजिरी. मुलाच्या हातात वाद्य यायला जागा होती, वेळ ठरलेली होती, शिकवणारा होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी, चिमूर, बेनोडा इथे उठाव झाले. बेनोडा तर आपल्याच तालुक्यातले. इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. पण तुरुंगाने आम्हाला भजन दिले, असे वऱ्हाडात कोणी म्हणणार नाही. भजन आधीपासून होते, तुरुंगाने ते काही महिने बंद पाडले. मग हाच न्याय शोस्टाकोविच यांना लावताना आपली जीभ का अडखळते?

रशियाशी आपला संबंध तसा जुना. एकेकाळी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून स्वस्तात मिळत, टॉल्स्टॉय-गॉर्की घराघरांत गेले, अण्णाभाऊ साठ्यांनी १९६१ मध्ये तो देश पाहून त्यावर लिहिले. भाषांतराची गरज नसलेले संगीत मात्र मागे राहिले. पुस्तक एकट्याने वाचता येते. वाद्याला शिकवणारा लागतो. ती शिकवणी आता कुठे मुंबईपर्यंत पोहोचली आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये खुश्रू सनटूक आणि मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. बिसेनगालिएव्ह कझाकस्तानचे, शिकले मॉस्कोच्या महाविद्यालयात, आणि त्यांच्या वाद्यवृंदातले कितीतरी वादक त्याच जुन्या सोव्हिएत भूमीतले. २०१२ पासून त्यांची अकादमी मुंबईच्या मुलांना रशियन पद्धतीने शिकवते. गोव्यात पणजीला ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था २००९ पासून गरीब घरांतल्या मुलांच्या हातात व्हायोलिन आणि चेलो देते आहे. कोणाच्या दुःखाची वाट न पाहता ही कामे चालली आहेत.

नरिमन पॉइंटपासून शेंदूरजनाघाट सातशेहून अधिक किलोमीटरवर आहे. इथे चेलो यावा असा माझा हट्ट नाही. खंजिरी चालेल, पेटी चालेल, किंगरी परत आली तर उत्तमच. हट्ट आहे तो शिकवणाऱ्याचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे की सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील त्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षक असावेत. त्या कलेच्या जागेवर वरूड तालुक्यातल्या निदान काही शाळांत संगीताचा माणूस नेमला जावा, त्याचा पगार वेळेवर व्हावा, आणि वाद्यांसाठी एक कुलूपबंद खोली मिळावी, ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी लेखी मांडावी. देशभर संत्र्याची कलमे पाठवणाऱ्या गावाला ही मागणी अवघड वाटू नये.